गाळ्याचे भाडे आणि सामाईक खर्चाचा हिशेब

व्यापारी इमारतीत गाळा भाड्याने घेणाऱ्याला दरमहा दोन रकमा भराव्या लागतात. पहिली रक्कम भाड्याची. ती करारात आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेली असते, तिच्याबद्दल घासाघीस झालेली असते आणि ती केव्हा व किती वाढणार हेही ठरलेले असते. दुसरी रक्कम सामाईक सेवांच्या खर्चाची. जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप, पहारेकरी, झाडलोट, आग विझवण्याची यंत्रणा यांवरचा खर्च मालकाने करावा आणि सर्व गाळेधारकांनी मिळून तो भरून द्यावा, असा तिचा अर्थ. कोणी तिला सेवाशुल्क म्हणतात, कोणी मेंटेनन्स. नव्या मॉलच्या परिभाषेत ती 'कॅम' झाली आहे. नावे निरनिराळी असली तरी तिची कहाणी बहुधा सारखीच असते. करारात तिला एक ओळ मिळते आणि पुढे वर्षानुवर्षे तीच ओळ वादाचे मूळ होऊन बसते.

हा मालक आणि दुकानदार यांच्यातला खासगी मामला आहे, इतरांना त्याचे काय, असे मात्र समजता येणार नाही. शिकवणीचे वर्ग, अभ्यासिका, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, वह्यापुस्तकांचे दुकान, पतपेढीची शाखा, दंतवैद्याचा दवाखाना हे सारे अशाच गाळ्यांत चालतात. त्यांच्यावर पडणारा बोजा अखेर वर्गाच्या फीत, तपासणीच्या दरात आणि वहीच्या किमतीत उतरतो. ज्याला तो पुढे ढकलता येत नाही, तो लहान धंदेवाईक गाळा सोडून जातो. म्हणूनच सामाईक खर्चाची वाटणी कोणत्या न्यायाने व्हावी, या प्रश्नाचा विचार सर्वसामान्य नागरिकानेही करणे अगत्याचे आहे.

भाडे वेगळे, खर्च वेगळा

या साऱ्या गुंतागुंतीच्या मुळाशी एक साधा भेद आहे. भाडे हा मालकाच्या मिळकतीचा मोबदला होय. ते हाती आल्यावर त्याने त्याचे काय करावे हे विचारण्याचा अधिकार भाडेकरूला नाही. सेवाशुल्काचे तसे नाही. तो मोबदला नसून झालेल्या खर्चाची भरपाई आहे. इतरांच्या पैशाने, इतरांच्या सोयीसाठी मालक खर्च करतो. त्या मर्यादेत तो मालक नसतो, कारभारी असतो. एका खोलीत राहणारे चार विद्यार्थी जेवणाचा खर्च वाटून घेतात, तेव्हा बाजारहाट करणारा वहीत जमाखर्च लिहितो आणि महिनाअखेर ती वही सर्वांपुढे ठेवतो. भाजीच्या भावात त्याने स्वतःची दलाली मिसळली तर त्याला कोणी व्यवहारचतुर म्हणणार नाही. व्यापारी इमारतीचा प्रश्न आकाराने मोठा असला तरी जातीने हाच आहे.

हा भेद एकदा मान्य केला की दोन गोष्टी ओघानेच येतात. प्रत्यक्ष झालेल्या वाजवी खर्चापेक्षा एक रुपयाही अधिक वसूल करण्याचा अधिकार मालकाला पोहोचत नाही. आणि जो खर्च करतो, त्याने हिशेब दाखवलाच पाहिजे. त्याचबरोबर तिसरीही गोष्ट येते आणि ती भाडेकरूंना फारशी रुचत नाही. वाजवी खर्चातला आपला वाटा वेळेवर भरणे हे त्यांचे कर्तव्य आहे, मालकावर केलेले उपकार नव्हेत.

मुंबईने मोजलेली किंमत

या तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते याचा दाखला शोधायला दूर जाण्याची गरज नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुसंख्य जुन्या इमारतींचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार देण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु भाडे गोठले तरी चुना, लोखंड आणि मजुरी यांचे दर गोठले नाहीत. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही, भाडेकरूला वाढीव पैसे देण्याची सक्ती नव्हती, आणि दोघांच्या मध्ये इमारत खचत गेली. अखेर सरकारला १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. मुंबई शहरातल्या १९,६४२ इमारती आरंभी या उपकराच्या कक्षेत आल्या. खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशा कितीतरी इमारती त्यांत होत्या. दोन खासगी पक्षांनी आपापसांत जो खर्च वाटून घ्यायचा, तो सार्वजनिक प्रश्न होऊन बसला. इतके होऊनही पावसाळ्यात जुनी इमारत कोसळल्याची वार्ता मुंबईला नवी राहिली नाही.

गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना कायद्याच्या संरक्षणातून वगळले. मोठ्या कंपनीपाशी वकील असतो, हिशेब तपासणारा असतो, तिने आपले हित आपण पाहावे, ही त्यामागची भूमिका समजण्याजोगी आहे. पण त्याच कंपनीच्या शेजारच्या गाळ्यात बसलेला लहान व्यापारी आज बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर बसलेला असतो. भाडेकरूला मिळणारे संरक्षण अशा परवानाधारकाला तसे मिळत नाही. म्हणजे कंपनी कायद्याने बाहेर आणि लहान व्यापारी व्यवहाराने बाहेर, अशी स्थिती झाली. दोघांच्याही वाट्याला उरतो तो फक्त करार. आणि करारात सेवाशुल्काची असते एक ओळ!

कायद्यात काहीच नाही असे नव्हे. सोयीसुविधांसाठी म्हणून वेगळी आकारलेली रक्कमही 'भाडे' या संज्ञेत येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच कलकत्त्याच्या कर्नानी प्रॉपर्टीज प्रकरणात म्हटले होते. भाडे नियंत्रण चुकवण्यासाठी नुसते नाव बदलणे पुरेसे नाही, हा त्याचा इत्यर्थ. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातील २९ वे कलम मालकाला पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाविना तोडण्यास मनाई करते. ५५ वे कलम करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. ही कलमे महत्त्वाची आहेत. परंतु सेवा तोडू नये एवढे सांगून भागत नाही. त्या सेवेचा खर्च किती, तो कोणी ठरवला, कसा वाटला आणि त्याचा हिशेब कोठे पाहावा, हे प्रश्न जागच्या जागी राहतात.

आधी भरा, मग भांडा

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. भाडेपट्ट्याच्या कायद्याची परंपरा जेथून आपल्याकडे आली, त्या इंग्लंडमध्येही तो सुटलेला नाही. तेथे १९८५ च्या मालक व भाडेकरू कायद्याने सेवाशुल्क वाजवी असले पाहिजे असा दंडक घातला खरा, पण तो राहत्या घरांपुरता. दुकाने आणि कचेऱ्या यांना करारावरच विसंबावे लागते. गिर्यारोहणाचे व भटकंतीचे साहित्य विकणाऱ्या ब्लॅक्स आउटडोअर रिटेल या दुकानदार कंपनीच्या करारात असे लिहिले होते, की मालकाने दिलेला खर्चाचा दाखला निर्णायक मानला जाईल. उघड चूक, गणिताची चूक किंवा लबाडी असेल तरच त्याला अपवाद. मालकाने चार लाखांहून अधिक पौंडांची मागणी केली. त्यातली कित्येक कामे अनावश्यक होती किंवा आपल्या वाट्याची नव्हती, असे भाडेकरूचे म्हणणे होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निवाडा दिला. दाखला मिळाल्यावर पैसे ताबडतोब भरले पाहिजेत. मात्र ते भरल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, जादा गेलेली रक्कम त्याला पुढे दाव्याने परत मागता येईल, असा त्याचा मथितार्थ.

या निवाड्यात व्यवहाराचे एक शहाणपण आहे. प्रत्येक वादाबरोबर वसुली थांबली तर लिफ्टही थांबेल आणि पहारेकऱ्याचा पगारही. परंतु 'आधी भरा, मग भांडा' हे तत्त्व ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच परवडते. एका गाळ्यात शिवणयंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाने आधी रक्कम भरायची आणि मग ती परत मिळवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढायची, हा न्याय कागदावरचा न्याय होय. वाद न्यायालयापर्यंत जाऊच नये अशी व्यवस्था आधी हवी.

कायद्याची ही उणीव इंग्लंडमधील मिळकत-व्यावसायिकांच्या संस्थेने, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सने, स्वतःच्या सभासदांसाठी नियमावली करून काही अंशी भरून काढली. व्यापारी मिळकतींच्या सेवाशुल्काविषयीची तिची आचारसंहिता २०१८ साली बंधनकारक नियमांसह प्रसिद्ध झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. प्रत्यक्ष व योग्य खर्चाच्या शंभर टक्क्यांहून अधिक वसुली नको. दरवर्षी अंदाजपत्रक आणि वाटणीचा तक्ता भाडेकरूंना द्यावा. वर्षअखेर खरा हिशेब द्यावा. जमा झालेला पैसा स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा आणि त्यावरचे व्याज त्याच खात्यात जमा करावे, असे तिचे मुख्य नियम. अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्यापूर्वी एक महिना आणि हिशेब वर्ष संपल्यावर चार महिन्यांत हाती पडावा, अशी अपेक्षाही तिने व्यक्त केली. व्यवस्थापकाचा मेहनताना खर्चाच्या टक्केवारीने न ठरवता ठरावीक रकमेने द्यावा, ही तिची सूचना विशेष मार्मिक आहे. खर्च जितका वाढेल तितका ज्याचा मेहनताना वाढणार, तो काटकसर कशाला करील?

वाटणीचे गणित

हिशेब उघडा झाला तरी वाटणीचा प्रश्न राहतोच. आपल्याकडील नोकरदार माणसाला त्याची ओळख गृहनिर्माण संस्थेत झालेली असते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनी तेथे प्रत्येक खर्चाला वेगळी कसोटी लावली आहे. सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान, पाणी नळांच्या प्रमाणात, लिफ्टचा देखभाल खर्च सर्वांना सारखा, आणि दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड बांधकामखर्चाच्या प्रमाणात. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल संस्था मनमानी आकार घेत असत. १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशाने त्यालाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. या नियमांवरही वाद होतात. पण कोणत्या नियमावर वाद आहे हे तरी ठाऊक असते. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो आणि सभासदाला उभे राहून प्रश्न विचारता येतो. भाड्याच्या गाळ्यात बसलेल्याला अशी सभा नाही आणि मतही नाही.

व्यापारी इमारतीत बहुधा क्षेत्रफळ हीच एकमेव कसोटी लावली जाते, आणि तेही प्रत्यक्ष वापरातले चटई क्षेत्र नव्हे. जिने, मार्गिका, भिंती यांचा वाटा मिसळून फुगवलेले आकारणी क्षेत्र धरले जाते. समजा, चटई क्षेत्र ५०० चौरस फूट असलेल्या गाळ्याचे आकारणी क्षेत्र ८०० फूट धरले आणि फुटाला १५ रुपये दर लावला, तर आकार १२,००० रुपये होतो. म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या फुटाला २४ रुपये पडतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २,१६० रुपये धरला की रक्कम १४,१६० वर जाते. सर्वांचेच क्षेत्र एकाच प्रमाणात फुगवले आणि एकूण वसुली खर्चाइतकीच असली तर कोणाचे नुकसान होत नाही, फक्त दर कमी भासतो. अन्याय होतो तो दोन प्रसंगी: फुगवण्याचे प्रमाण गाळ्यागणिक बदलते तेव्हा, आणि दर फुटाला बांधून टाकून प्रत्यक्ष खर्चाशी त्याचे नातेच तोडले जाते तेव्हा. या दुसऱ्या प्रकारात सेवाशुल्क हे दुसरे भाडे होते. करारात भाडेवाढीला मर्यादा घालणारा भाडेकरू या मागच्या दाराकडे क्वचितच पाहतो.

क्षेत्रफळाची कसोटी सोपी आहे, परंतु प्रत्येक वेळी न्याय्य नाही. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानाला लिफ्टचा उपयोग थोडा; उपाहारगृहाचे पाणी आणि कचरा शेजारच्या पुस्तकाच्या दुकानाच्या कितीतरी पट. म्हणून जो खर्च विशिष्ट गाळ्यांमुळे होतो तो त्यांच्याकडून, आणि जो सर्वांसाठी होतो तो सर्वांकडून, असे गट पाडणे इष्ट. रिकाम्या गाळ्यांचा वाटा मालकाने भरावा, कारण ते रिकामे असण्याची जोखीम त्याची आहे. बड्या दुकानाला आकर्षित करण्यासाठी मालकाने सवलत दिली असेल तर तिचा भारही त्यानेच सोसावा. लहान गाळ्यांवर तो वाटून देणे म्हणजे एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढणे होय. दुरुस्ती आणि सुधारणा यांतही फरक करायला हवा. लिफ्टचा झिजलेला दोर बदलणे ही दुरुस्ती. इमारतीचा दर्शनी भाग काचेने मढवणे ही मालकाच्या मिळकतीत भर. तीन वर्षांसाठी आलेल्या भाडेकरूने वीस वर्षे टिकणाऱ्या लिफ्टची पूर्ण किंमत का द्यावी? त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम राखीव निधीत, स्वतंत्र खात्यात टाकणे हाच मार्ग.

कराच्या बाबतीतही चोख हिशेबाचा लाभ दिसून येतो. विजेवर वस्तू व सेवा कर नाही. परंतु भाड्याबरोबर किंवा देखभालीबरोबर ती एकत्र पुरवली तर सगळ्या रकमेवर त्याच दराने कर लागतो. वीज कंपनीने आकारलेली रक्कम जशीच्या तशी, मध्यस्थ या नात्याने वसूल केली तर लागत नाही. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे. ज्या लहान व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हे.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये

मालकांचीही बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. काही भाडेकरू एका नळाच्या तक्रारीवरून सारे शुल्क रोखून धरतात. अशा वेळी लिफ्टच्या कंत्राटदाराचे बिल मालकाच्या खिशातून जाते किंवा नियमाने भरणाऱ्या शेजाऱ्यांवर पडते. म्हणून वाद जेवढ्या रकमेचा असेल तेवढीच बाजूला ठेवावी, बाकीची मुदतीत भरावी, हा संकेत रूढ व्हायला हवा. प्रत्येक खर्चात स्वस्तातला स्वस्त ठेकेदार शोधण्याचा आग्रहही घातक ठरू शकतो. आग विझवण्याच्या यंत्रणेच्या देखभालीत वाचवलेले पैसे एखाद्या दिवशी फार महाग पडतात.

सेवाशुल्क कायमचे ठरावीक टक्क्यांनी वाढवत न्यावे आणि हिशेबाची कटकटच नको, असा सोपा तोडगा काहीजण सुचवतात. त्याचा धोका २०१५ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अर्नोल्ड विरुद्ध ब्रिटन या प्रकरणात दिसला. वेल्समधील एका सुटीच्या वसाहतीतल्या काही कुट्यांच्या करारांत वर्षाला ९० पौंड सेवाशुल्क आणि त्यावर दरसाल १० टक्के चक्रवाढ लिहिलेली होती. त्या हिशेबाने २०७२ साली एका कुटीचे वर्षाचे सेवाशुल्क साडेपाच लाख पौंडांच्या वर जाणार होते. तरीही लिहिले ते लिहिले, असे म्हणून बहुमताने करार कायम ठेवला. हे प्रकरण दुकानांचे नव्हते. पण चक्रवाढीचे गणित दुकान आणि घर असा भेद करीत नाही.

उपाय फारसे अवघड नाहीत. ५५ व्या कलमान्वये करार नोंदवावाच लागतो. त्या कराराला सेवाशुल्काची एक अनुसूची जोडणे सक्तीचे करावे. कोणते खर्च धरले, कोणते वगळले, वाटणी कोणत्या कसोटीने, हिशेब कोणत्या तारखेला आणि वाद झाल्यास प्रथम कोणाकडे जायचे, एवढ्या पाच गोष्टी तिच्यात असल्या तरी निम्मे तंटे मुळातच मिटतील. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने व्यापारी जागांचाही विचार केला आहे. त्यांची अनामत सहा महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि देखभालीच्या कामांची मालक व भाडेकरू यांच्यात विभागणीही अनुसूचीत दिली आहे. हा नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही. महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलावा असे नाही. परंतु हिशेबाचा हक्क हा त्यात नसलेला भाग घालून त्याचा विचार करण्यास हरकत नसावी.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्रामाणिक मालकाला हिशेबाची वही उघडी ठेवल्याने काहीच गमवावे लागत नाही; उलट त्याची वसुली सुलभ होते आणि भाडेकरू टिकतो. भाडेकरूनेही सहीपूर्वी भाड्याच्या आकड्याइतक्याच बारकाईने ती एक ओळ वाचावी आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागावा. गोठलेल्या भाड्याच्या काळात मुंबईत मालकाने हात आखडता घेतला आणि इमारती खचल्या. हिशेबाविना वसूल होणाऱ्या शुल्काच्या काळात इमारती चकचकीत राहतील, पण त्यांतला लहान व्यापारी खचेल. दोन्ही टोके टाळायची तर जो खर्च करील त्याने हिशेब द्यावा आणि जो हिशेब मागेल त्याने आपला वाटा भरावा, या जुन्या व्यवहारधर्माकडे मालक आणि भाडेकरू दोघांनाही परतावे लागेल.